दादाच्या डोळ्यातली सरळ रेघ

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. मी डोळ्यांच्या दवाखान्यात यंत्रं सांभाळायचे. दिवा चमकला की डोळ्याच्या आतल्या पडद्यात बारीकशी वीज उठते. ती कागदावर उमटवणारं यंत्र आमच्याकडे आलं होतं. ती वीज टिपणारी त्याची इलेक्ट्रोड भिंगासारखी थेट बुबुळावर बसवायची. खेड्यातली माणसं ती उपटून काढायची.

"तूच काहीतरी करून बघ," डॉक्टरबाई मला म्हणाल्या.

सोनाराकडून मी केसासारखी बारीक चांदीची तार ओढून आणली. खालच्या पापणीत अडकेल असा तिचा आकडा केला. मिठाच्या पाण्यात बॅटरी जोडून चांदीवर काळपट थर चढवावा लागतो, नाहीतर रेघ भरकटते. त्याला शुद्ध पाणी हवं, आणि आमच्याकडे पिण्याचंसुद्धा टँकरने यायचं. माझा थोरला भाऊ निलंगा डेपोत एसटीचा ड्रायव्हर होता. गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते पाणी त्याने बाटलीत भरून आणून दिलं.

आकडा आधी माझ्याच डोळ्यात घातला. बधिर करणारा थेंब, अंधारी खोली, मग चमक. रेघ जराशी खाली गेली आणि उंच उठली. डॉक्टरबाईंचीही उठली. दादा पाण्याची दुसरी बाटली द्यायला आलेलाच होता, म्हणून त्यालाही बसवलं.

"टोचतंय का?"

"न्हाई. काहीच कळंना."

त्याची रेघ सरळच गेली. मला वाटलं, जोड सुटला. तार बदलली, थर नव्याने चढवला. नंतर गाडीच्या फेरीला तो लातुरात आला की पुन्हा बसवायचे. पुन्हा सरळ. तीच तार माझ्या डोळ्यात घातली की लाट यायची.

"अगं, आता तार बदलू नको," शेवटी दादा म्हणाला. "तुझ्या तारंत खोट न्हाई. दिवस मावळला की मला लई कमी दिसतंय. म्होरल्या गाडीच्या लाल दिव्यामागं जातो. गाडी नसली तर रस्त्याकडच्या झाडांच्या पांढऱ्या पट्ट्यांवर."

मी त्याच्या पापणीतून आकडा काढला, कापूस दिला.

डॉक्टरबाईंनी पडदा तपासला. तो कडेने सुकत चालला होता. औषध नव्हतं.

"गाडी?" दादाने विचारलं.

"आता नाही चालवायची."

"हाव," म्हणाला, आणि स्वतःच डेपोत जाऊन सांगून आला. त्याला टायरच्या खोलीत काम दिलं.

संध्याकाळी आईने विचारलं, काय झालं. मी तिला चांदी, मीठ, काळा थर, सगळं समजावून सांगत बसले. तिने ऐकून घेतलं.

"म्हंजे त्याला पुढं दिसंल का?"

"न्हाई."

ती भाकरी थापत राहिली.

हा आजार पोरांतही उतरू शकतो, म्हणून नंतर दादाने आपल्या मुलीला तपासायला आणलं. तिची लाट उंच उठली. मी त्याला तसं सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा होता. डोळे पुसत, "बरं झालं," म्हणाला. डॉक्टरबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मलाही काहीतरी वाटायला हवं होतं. यंत्रातून रेघेचा कागद फाडून घेऊन मी त्यावर पोरीचं वय लिहिलं.