एप्रिलची नळी

पारेहुइया चौतीस वर्षं ऑकलंडच्या एका विद्यापीठात फ्रीझर सांभाळत होती. आत उणे ऐंशी अंशांत गोठलेलं रक्त, नळ्यांमधून, नंबर घालून. नंबर इतरांसाठी. तिला त्यातली निम्मी माणसं नावानिशी माहीत होती आणि बरीचशी आता हयात नव्हती. म्हणून दाराबाहेर तिचं पाण्याचं भांडं असे. आम्ही माओरी लोक दफनभूमीतून निघताना अंगावर पाणी शिंपडतो, तशी ती दर खेपेला शिंपडायची. सुरक्षा अधिकाऱ्याने ते भांडं तीनदा उचलून नेलं, मग नाद सोडला.

त्या फ्रीझरमधल्या एकाच नळीची तिला भीती वाटे. सत्तेचाळीस नंबरच्या मुलाची, एप्रिलमधली. यादीत त्या नळीसमोर पारेहुइयाच्याच अक्षरात 'रिकामी' असं लिहिलेलं होतं. नळी भरलेली होती, खालच्या कप्प्यात पार मागे दडवलेली. दार उघडलं की बर्फ तडकतो हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिथे वाकलं की लहान मूल घसा खाकरतंय असंच वाटायचं.

सत्तेचाळीस म्हणजे तामाहौ, तिचा धाकटा भाऊ. होकियांगा भागातल्या त्यांच्या शाळेत विद्यापीठाची माणसं दर महिन्याला रक्त घ्यायला येत. घसा दुखून बरा होतो आणि नंतर शरीर स्वतःच्याच हृदयावर का उठतं, हे त्यांना शोधायचं होतं. त्या एप्रिलमध्ये तामाहौ सात वर्षांचा, ती अकराची. दुसऱ्या दिवशी हाकाच्या, म्हणजे आमच्या समूहनृत्याच्या, स्पर्धेसाठी बस कायकोहेला निघणार होती. आई कामावर, भाऊ आजारी ठरला तर घरी थांबायचं हिनेच.

"नर्सबाईंनी विचारलं तर दुखत नाही म्हणायचं," तिने त्याला बजावलं. "आणि गिळताना तोंड वाकडं करायचं नाही."

त्याने शहाण्यासारखं ऐकलं. मे महिन्यात त्याचे सांधे सुजले. नवव्या वर्षी तो गेला. स्पर्धेत त्यांचा तिसरा नंबर आला होता.

यंदा सेफिना नावाची सामोअन मुलगी संशोधनाला आली आणि नेमकी तिथेच पोचली.

"मावशी, सत्तेचाळीसचं मार्चचं रक्त आहे, मेचं आहे. एप्रिलचंच नाही. आजार सुरू होताना सापडलेला तेवढा एकच मुलगा आहे हो."

"रिकामी लिहिलंय ना?"

"लिहिलंय खरं. पण तुमच्या हातून थेंब वाया गेला असेल, हे काही मला पटत नाही."

त्याच आठवड्यात पारेहुइया नातीला, मेरेआनाला, इंजेक्शनला घेऊन गेली. तामाहौचाच आजार, दर अठ्ठावीस दिवसांनी कमरेत सुई.

"कधीपर्यंत गं आजी?"

"एकवीस वर्षांची होईपर्यंत."

"मग तुझी ती फ्रीझरमधली माणसं नुसती बसून असतात का?"

सोमवारी पारेहुइयाने नळी सेफिनाच्या टेबलावर ठेवली. "सापडली," एवढंच म्हणाली. पुढचे दोन आठवडे तिला धड जेवण गेलं नाही. रक्त काही विसरत नाही, हे तिला त्या इमारतीतल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं.

सेफिना कागद घेऊन जवळजवळ धावतच आली.

"मावशी, बघा. फॉर्मवर लिहिलंय, घसा दुखत नाही. आणि रक्त सांगतंय, चांगला आठवडाभर दुखत होता. लबाड कुठला, धडधडीत खोटं बोललाय."

हे उघडं पडलं की आपल्याला लाज वाटेल, असं पारेहुइया इतकी वर्षं धरून चालली होती. पण आला तो संताप.

"लबाड नव्हता तो," ती म्हणाली. "तामाहौ नाव त्याचं. माझा भाऊ. दुखतंय म्हणाला होता तो. मला म्हणाला होता. मीच त्याला गप्प केलं."

सेफिनाच्या हातातला कागद खाली आला. मग ती बाहेर गेली आणि पाण्याचं भांडं आणून तिने पारेहुइयापुढे धरलं.

पारेहुइयाने बोटं बुडवली नाहीत.

"आधी फॉर्मवर लिही," ती म्हणाली. "घसा दुखत होता."