चौथं वाइल्ड कार्ड

पहिल्या दिवशी ऑफिसात आले तर माझ्या टेबलावर काजूकतलीचा एक किलोचा बॉक्स. मला तिथे कोणी ओळखत नव्हतं, माझं आयकार्डसुद्धा छापून आलं नव्हतं. काहीतरी चुकतंय असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. तसं मला बरेचदा वाटतं म्हणा. शेजारी कोणी स्टेपलर मारला तरी मी दचकते.

नेरूळला महिलांची आंतरराष्ट्रीय टेनिस टूर्नामेंट होती आणि मी तिच्या ऑफिसात तीन महिन्यांसाठी लागले होते. अशा ठिकाणी किस्से जुन्या टेनिस बॉलसारखे साठत जातात. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण कपाट उघडलं की पायावर पडतात. त्यातले वाइल्ड कार्डांचे तेवढे सांगते.

वाइल्ड कार्ड म्हणजे काय, तर रँकिंग कमी पडतंय, पण आयोजकांना वाटतं हिला खेळवावं, तिला थेट प्रवेश. आमच्याकडे अशी चार होती. मागणारे किती होते ते विचारू नका.

*

सबनीस मॅडम आमच्या टूर्नामेंट डायरेक्टर. स्वतः खेळलेल्या. गुडघ्याला अजून पट्टा, आणि आवाज असा की शेजारच्या कोर्टवरचा खेळ थांबावा. बॉक्सवरची चिठ्ठी त्यांनी वाचली. खारघरच्या एका खेळाडूच्या आईची होती.

"परत देऊन ये. आत्ता."

खारघरला त्यांच्या बिल्डिंगचा बाविसावा मजला. दार उघडलं, माझ्या डोक्यावरची टूर्नामेंटची टोपी बघितली आणि त्या बाई आत पळाल्या. आल्या त्या ताम्हण घेऊनच. मी तोंड उघडायच्या आत कुंकू, अक्षता, निरांजन सगळं झालं. मला थांबवताच येईना. ओवाळून झाल्यावर त्यांनी वाइल्ड कार्डाच्या पत्रासाठी दोन्ही हात पुढे केले.

मी त्यात काजूकतली ठेवली.

परत आल्यावर कपाळ पुसायला लागले तर मॅडम म्हणाल्या, "राहू दे गं. आज आणखी कोणी मिठाई आणली तर नुसतं कपाळ दाखव."

*

नाना आमचे स्पॉन्सर. घरचं पूर्वी मिठागर, आता बिल्डिंगा. स्टँडवरचा सगळा मांडव त्यांनी दिलेला.

एक दिवस खुर्चीत बसून म्हणाले, "मॅडम, आमच्या भाच्याला घ्या एक कार्डावर."

"नाना, मुलींची टूर्नामेंट आहे."

नानांनी थोडा विचार केला. "मंग भाची हाय ना."

"रँकिंग काय तिचं?"

"धाव्वीला शहाऐंशी टक्के."

मला हसू फुटलं आणि ते लपवायला मी टेबलाखाली पेन शोधत बसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "एक कार्ड प्ले-ऑफचं आहे. जिंकेल तिला. सोमवारी सातला पाठवा."

भाची खरंच आली. अर्ध्या तासात दोन्ही सेट हरली. नानांनी तिच्या प्रत्येक पॉइंटला उभं राहून टाळ्या वाजवल्या, तीन की चार वेळा. आता मांडव काढून नेतात की काय, असं मला वाटलं. तर नाना मॅडमपाशी येऊन म्हणाले, "हरली ती हरली. पन नानानं घुसवली असा कोनी म्हननार नाय."

दुसऱ्या दिवशी पाठीमागच्या स्टँडलाही मांडव.

*

प्ले-ऑफची फायनल शीतल नावाची एक मुलगी खेळली. तुर्भ्याची. तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये गेली मॅच. ते कार्ड दुसरीला मिळालं.

पुढची दोन कार्डं कमिटी ठरवणार होती. मॅडमच्या कमिटीत कागदावर नावं नसतात. क, ख, ग आणि पुढे फक्त निकाल. तो कागद मी केला, चार वेळा तपासला, तरी 'ग'पुढे पत्ता राहून गेला. मॅडमनी काळा मार्कर घेतला आणि 'तुर्भे' खोडलं. "पत्त्यानं सर्व्हिस पडत नाही," एवढंच म्हणाल्या. मला रडूच येणार होतं, पण त्या मार्करचा मला अभिमानही वाटला. आजही वाटतो.

'ग' म्हणजे शीतल. ती तिसरी आली. म्हणजे पुन्हा एका पायरीने हुकली.

दामूकाका आमच्या कोर्टांचं बघायचे. सारसोळ्याचे. कमिटीत नसायचे, पण मीटिंग संपली की मॅडम त्यांना विचारायच्याच.

"दामूकाका, तुमचं काय?"

"ती हरली ना त्या दिशी, त्या बी दिशी सगले बॉल गोला करून गेली. बाकीच्यांचं मीच करतं."

मॅडमनी 'ग'भोवती पेन्सिलीने गोल काढला. उरलेलं चौथं कार्ड एका मोठ्या नावासाठी राखून ठेवलेलं होतं. ते नाव आलं नाही, तर शीतल.

*

दोन दिवसांनी शीतलचे वडील आले. कंपनीचा निळा शर्ट, खिशावर नंबर. बोलणं साताऱ्याकडचं. कार्ड द्या असं एकदाही म्हणाले नाहीत.

"ताई, फोन कुठल्या नंबरवरनं यील?"

मी ऑफिसच्या मोबाईलचा नंबर सांगितला. त्यांनी तो तळहातावर लिहून घेतला.

"पोरीकडं मोबाईल न्हाई. माझा हाय, पर शिफ्टला आत नेऊ देत न्हाईत, गेटवर जमा करावा लागतो. तरी तुमी लावा. वाजू द्या मातर."

मी मान हलवली. आता खरं सांगते, फोन लावायचा म्हटलं की मला धडधडतं. समोरचा जेवत असेल, झोपला असेल. चार रिंगांत उचलला नाही तर मी कट करते. कॉलेजपासूनची सवय.

*

मोठं नाव म्हणजे एके काळी फार गाजलेली एक परदेशी खेळाडू. तिचा एजंट रोज फोन करायचा. आज हो, उद्या बघू. एकदा त्याने विचारलं, हॉटेलच्या खोलीतून समुद्र दिसेल का? मी गडबडून खरं तेच सांगितलं, की समुद्र नाही, खाडी दिसेल, पण फ्लेमिंगो असतात.

'बघू' म्हणून त्याने फोन ठेवला.

मॅडम मागे उभ्या होत्या. "पक्ष्यांचंही रँकिंग सांगायचंस की."

*

ड्रॉचा दिवस. कोण कोणाशी खेळणार त्याच्या चिठ्ठ्या पाच वाजता निघणार. त्याआधी खेळाडूचा किंवा पालकांचा होकार हवा, नाहीतर कार्ड वाया. एजंटचा नकार आला चार वीसला.

"शीतलला लाव," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज हळू ऐकू आला.

लावला. एक, दोन, तीन, चार. कट. पुन्हा लावला. कट. फॉर्मवर तो एकच नंबर. कंपनीचं नाव नाही. दामूकाका स्कूटर काढून तुर्भ्याला तिच्या घरी गेले. मध्ये ट्रकांची रांग, पुढे घराला कुलूप. "कोन नाय हतं," त्यांचा फोन आला.

चार पंचेचाळीस. सात वेळा लावून झाला होता. नाना मांडवातून ऑफिसच्या दाराशी येऊन उभे राहिले. "लाव गो पोरी, लाव." ड्रॉसाठी लोक खुर्च्यांवर बसायला लागले होते. मॅडम माझ्या बोटांकडे बघत होत्या.

"तू कट का करतेस?"

तेव्हा मला तो तळहात आठवला. वाजू द्या मातर.

आठव्यांदा लावला, स्पीकरवर टाकला आणि फोन टेबलावर ठेवून हात मागे बांधले. चार. पाच. सहा. मी डोळे मिटले. नऊ. दहा.

"हॅलो! टेनिसच्या मॅडम का?" धापा टाकत कोणीतरी बोललं. "मी गेटवरचा वॉचमन. अहो, आठ दिवस तो रोज मोबाईल जमा करताना सांगतोय, या नंबरचा आला तर उचला म्हणून. सगळ्या शिफ्टला माहितीय. इथं रॅकमध्ये शंभर मोबाईल, सगळ्यांची रिंग सारखीच. कुठला वाजतोय ते शोधेपर्यंत तुम्ही कट. त्याला बोलवायला माणूस पळालाय. आता तेवढं कट करू नका."