गुरुवारची गाडी

जेवण झाल्यावर माडीवर येऊन बसलं की नांद्रेकर सरांना हल्ली धड झोपही येत नाही आणि धड जागंही राहवत नाही. मधलंच काहीतरी होतं. डोक्यावर पंखा फिरत असतो, खाली त्यांच्या पत्नी सुमनबाई भांडी पालथी घालत असतात आणि समोरच्या मोठ्या टेबलावर छोटी आगगाडी आपली गोल गोल फिरत असते. वीतभर इंजिन, मागं पाच डबे. टेबलावर भुशाचे हिरवे डोंगर, एक बोगदा, काड्यापेटीएवढं स्टेशन, नदीवर पूल. डोंगर आणि पूल सरांच्या हातचे. मिरजेच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

आज मात्र त्यांना जागंच राहायचं आहे. चार वाजता बिरनाळे वहिनी यायच्या आहेत. अण्णासाहेब बिरनाळे जाऊन महिना झाला. सकाळी वहिनींचा फोन आला, "सर, हे तुमच्याकडे येऊन काय करायचे ते मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. येऊ का?"

"या की," सर म्हणाले. तेव्हापासून टेबलावरची धूळ त्यांनी तीनदा पुसली आहे.

ते टेबलाच्या कडेवर हात ठेवतात, हातावर डोकं. गाडी बोगद्यात शिरते, बाहेर येते. पुन्हा शिरते, जरा उशिरा बाहेर येते. पुढच्या खेपेला आणखी उशिरा. मग शिरते ती बाहेरच येत नाही. सर वाट बघतात.

"सांधा अडकतोय," कुणीतरी म्हणतं.

खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत अण्णासाहेब बसले आहेत. पांढरा शुभ्र शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात गुडघ्यांवर. सरांची नजर आधी त्या हातांकडे जाते. हात अगदी स्थिर आहेत. इतक्या दिवसांनी माणूस भेटतो आणि आपण आधी त्याचे हात बघतो, याची सरांना तिथल्या तिथं लाज वाटते.

"अण्णा, तुम्ही कसे काय आलात?"

"जिन्यानं आलो की. दुसरी वाट कुठाय?"

"चहा सांगू?"

"नको. तुम्ही बसा." अण्णासाहेब मान वर करून छताकडे बघतात. बराच वेळ बघतात. "डाग अजून आहे वाटतं."

सर वर बघत नाहीत. वर काय आहे ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

झालं होतं ते असं. कितीतरी वर्षं दर रविवारी सकाळी तिघं या टेबलाभोवती जमायचे. सर, वीज मंडळातून निवृत्त झालेले इस्माईल मुजावर आणि फोटो स्टुडिओवाले अण्णासाहेब. तारा जोडायचं काम मुजावरांचं. बारीकसारीक रंगकाम अण्णासाहेबांचं. डब्याच्या खिडकीतला तांदळाएवढा प्रवासी ते असा रंगवायचे की त्याला मिशा आहेत हे कळावं. गप्पा फार नसायच्या. "सोडू का गाडी?" "सोडा." एवढ्यावर सकाळ जायची. मध्येच सुमनबाई पोहे आणून द्यायच्या.

मग अण्णासाहेबांचे हात थरथरू लागले. आधी थोडे, मग ते झाकता येईनात. डबे रुळावर ठेवताना खाली पडायचे. सिग्नल मोडायचे. एका रविवारी त्यांच्या हाताचा धक्का लागून पूलच कोसळला आणि सरांच्या लेकीनं परदेशातून पाठवलेलं नवं इंजिन फरशीवर आपटलं. "असू द्या हो अण्णा, असू द्या," सर तोंडानं म्हणत राहिले. तुकडे वेचताना मात्र त्यांनी अण्णासाहेबांकडे बघितलं नाही.

त्याच आठवड्यात सर मुजावरांना म्हणाले, "आपण दोघंच गुरुवारी बसत जाऊ. अण्णांना रविवारचं बंद म्हणून सांगू. छत गळतंय म्हणू."

मुजावर खाली मान घालून तार सोलत होते. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाले.

अण्णासाहेबांनी ते खरं मानलं. रविवारी फोन यायचा, "झालं का हो सर छताचं?" एकदा तर त्यांनी ओळखीचा गवंडीच पाठवून दिला. त्याला दारातूनच परत पाठवताना सरांची त्रेधा उडाली. आता हा माणूस स्वतःच बघायला येणार, या धास्तीनं सर स्टुलावर चढले आणि त्यांनी छतावर ओलीचा डाग रंगवला. चहाचं पाणी, थोडा पिवळा, थोडा तपकिरी. काम सुरेख झालं होतं. स्टुलावरून उतरून, मान तिरकी करून, दोन पावलं मागं सरकून त्यांनी ते बघितलंही होतं, शाळेत पोरांची चित्रं बघत तसं.

अण्णासाहेब खरंच आले. कठडा धरून धरून चढले, वर बघितलं, "अरेरे" म्हणाले आणि कठडा धरून धरून उतरले.

"उजेडात नीट कळत नाही," आता अण्णासाहेब म्हणतात. "इकडे या."

खोलीत लाल दिवा लागलेला आहे. मिरजेच्या बाजारातल्या त्यांच्या स्टुडिओतली ती मागची अंधारी खोली. दोरीवर ओले फोटो टांगलेत. पत्र्याच्या थाळ्यात पाणी आहे आणि त्यात एक कोरा कागद तरंगतो आहे. अण्णासाहेब थाळा हलकेच हलवतात. कागदावर हळूहळू छत उमटतं, मग छतावरचा डाग.

"शेडिंग झकास आहे," ते म्हणतात. "फक्त एक आहे सर. खरी ओल कडेला गडद होत जाते, मध्ये फिकी असते. तुम्ही मध्ये गडद केलीत. चित्रकाराची सवय."

सरांच्या कानाच्या पाळ्या तापतात. "म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं?"

"चाळीस वर्षं लोकांच्या तोंडावरचे डाग घालवायचं काम केलं मी. हातानं काढलेला डाग मला कळणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" अण्णासाहेब कागद चिमट्यानं उचलून दोरीला लावतात. "एवढी मेहनत घेतली होती तुम्ही. या वयात स्टुलावर चढलात. पडला असतात म्हणजे?"

ते हे खोचकपणे म्हणत नाहीत. खोचकपणे म्हणाले असते तर सरांना बरं वाटलं असतं. त्यांच्या आवाजात खरोखरीची काळजी आहे. सर दुसरीकडे बघतात, तर दोरीवरच्या एकेका फोटोत तोच डाग आहे. लग्नाच्या फोटोत, बारशाच्या फोटोत, शाळेच्या गटाच्या फोटोत. आणि त्या गटात शिक्षकांच्या रांगेत स्वतः सर उभे आहेत, तरुण, केस काळे.

"बसू या जरा," अण्णासाहेब म्हणतात.

दोघं जिन्यात बसले आहेत. सरांच्याच घराचा जिना, खालून तिसरी पायरी. वरून गाडीचा आवाज येतो आहे आणि स्वयंपाकघरातून सुमनबाईंनी टाकलेल्या फोडणीचा वास.

अण्णासाहेब हवेत नाक उचलतात. "कांदा आहे वाटतं आज."

सरांना वाटतं, या पायरीनं आपल्याला गिळून टाकावं. अण्णासाहेब धर्मानं जैन. त्यांना कांदा-बटाटा चालत नाही म्हणून रविवारचे पोहे सुमनबाई वर्षानुवर्षं नुसते शेंगदाणे घालून करत. त्यात कुणाला काही वेगळं वाटतही नसे. गुरुवार सुरू झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात पोह्यांत कांदा आला. "आता काय अडचण आहे?" असं सुमनबाईंना सर स्वतःच म्हणाले होते. आणि पहिला घास घेतल्यावर मुजावरांना म्हणाले होते, "याला म्हणायचे पोहे."

"अण्णा, तुम्ही कधी गुरुवारी आला होता का?"

"दवाखान्यातून परत चाललो होतो. दारात मुजावरांची लूना दिसली. म्हटलं, आलोच आहे तर भेटून जावं."

"मग वर का नाही आलात?"

"इथवर आलो की. या पायरीपर्यंत." अण्णासाहेब पायरीवरून हात फिरवतात. "पुढं चढवलं नाही."

सरांना म्हणायचं असतं, माझं चुकलं. फार चुकलं. एवढे दोन शब्द जिभेवर आणून ते तोंड उघडतात, आणि तोंडातून येतं, "छताचं काम अजून चालू आहे."

ते स्वतःच ऐकतात आणि थिजतात.

"हो का?" अण्णासाहेब म्हणतात. "होऊ द्या सावकाश. घाई कसली?"

"नाही, नाही, मला ते म्हणायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं..." सर पुन्हा प्रयत्न करतात. "गवंडी मिळत नाही हो चांगला."

अण्णासाहेब समजल्यासारखी मान हलवतात. ऊन लागतं म्हणून हातरुमाल डोक्यावर टाकतात. ऊन आहेच, कारण जिना संपून माळ लागला आहे. दोन्ही बाजूंना हिरव्या भुशाचे डोंगर, पण खरोखरच्या डोंगराएवढे, आणि त्यांवर ब्रशाचे फटकारे दिसताहेत. मधून रूळ गेलेत, क्षितिजापर्यंत. दूरवर एक माणूस उभा आहे, मिशाळ, आणि तो यांच्याकडेच बघतो आहे.

"लहानपणी करायचा का तुम्ही?" अण्णासाहेब विचारतात. "गाडी लांब असली की रुळाला कान लावून बघायचा? आधी रुळात कळतं, मग बाहेर ऐकू येतं."

"करायचो की."

"लावून बघा."

सर गुडघे टेकतात. सत्तरी उलटलेला माणूस, पण गुडघे दुखत नाहीत. ते खडीवर हात टेकून वाकतात आणि गाल रुळावर ठेवतात. रूळ कोमट आहे. आधी काहीच नाही. मग खूप खोलातून किरकिर येते, चाकांची, त्यांच्या ओळखीची. मग चमचा बशीला लागल्याचा आवाज. आणि मग त्यांचा स्वतःचा आवाज, अगदी जवळून, पोह्यांनी भरलेल्या तोंडाचा, खुशीत आलेला:

"बघा मुजावर, कसं निवांत चाललंय! हिसका नाही, धक्का नाही. आता कशी गाडी गाडीसारखी चालते."

रुळातला तो आवाज हसतो. जिन्याच्या पोकळीतून ऐकल्यावर ते हसणं केवढं मोठं वाटतं!

त्यांना डोकं उचलायचं असतं. उचलत नाही.

"उठू द्या मला, अण्णा."

"मी कुठं धरलंय?"

पण डोक्यावर हात आहे. जड नाही, पाखरू बसावं तसा हलका, आणि तो थरथरतो आहे. त्याच्याबरोबर सरांचं डोकं हलतं, दात हलतात, खालचा रूळ हलू लागतो. सर डोळे मिटून घेतात. हात काढून घ्यावा असं त्यांना वाटत नाही. इतके दिवस ज्या थरथरीची भीती बाळगली होती ती ही एवढीच, असं वाटतं. तोंड रुळावर दाबलं गेलेलं असताना, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, ते एकदाचे म्हणतात, "अण्णा, मी तुम्हाला घालवलं."

उत्तर येतं ते बाईच्या आवाजात.

"अहो, उठा. अहो! वहिनी आल्यात."

सुमनबाई खांदा हलवताहेत. सर डोकं उचलतात. हातावरून डोकं कधी घसरलं होतं कोण जाणे, झोपेत त्यांचा गाल टेबलावरच्या, जास्तीचे डबे उभे करायच्या सरळ रुळावर येऊन पडला होता. पंखा फिरतो आहे. दारात बिरनाळे वहिनी उभ्या आहेत, चढून आल्यामुळे धापा टाकत, हातात कापडी पिशवी.

"झोपला होता होय सर? उगीच उठवलं."

"नाही, नाही. या. या, वहिनी."

"अगं बाई," सुमनबाई म्हणतात, "गालाला काय झालंय हे?"

सर हात लावून बघतात. बोटांना दोन लांब चऱ्या लागतात, कानापासून हनुवटीपर्यंत, आणि दोन्हींच्या मध्ये बारीक बारीक आडव्या पट्ट्या. खोल उमटल्या आहेत. दुखताहेतही.

बिरनाळे वहिनी जवळ येतात. त्यांच्या चेहऱ्यावर हसू येतं, आणि मग ते हसू कुठं ठेवावं हे त्यांना कळत नाही.

"ह्यांच्या गालावर असंच उठायचं," त्या म्हणतात.

"कधी?" सर विचारतात. "इथं तर ते कधी झोपले नाहीत."

"इथं नव्हे, घरी हो. पावसाळ्यापासून. मुलाकडून रूळ मागवले होते, एवढंसं वेटोळं. जेवायच्या टेबलावर मांडायचे आणि एकटेच गाडी फिरवत बसायचे. ती पडायची, ते उचलायचे. बघता बघता डोळा लागायचा, तसेच त्याच्यावर. मी म्हणायची, अहो, सरांकडे जा की. तिथं सोबत असते." वहिनी टेबलावरच्या डोंगरांकडे बघत आहेत. "तर म्हणायचे, तिथं माझी अडचण होते गं."

सुमनबाईंची नजर जमिनीवर. त्या लगबगीनं कोपऱ्यातला टॉवेल माठातल्या पाण्यानं भिजवून, पिळून आणतात.

"गालावरून फिरवा. जाईल लगेच."

सर टॉवेल घेत नाहीत. वेताची खुर्ची ओढून ते वहिनींच्या पुढ्यात ठेवतात आणि स्वतः उभेच राहतात, उजेडाकडे तोंड करून.

"वहिनी," ते म्हणतात. आवाज चिरका येतो, पण येतो. "बसा. त्यांची अडचण कुणी केली ते तुम्हाला सांगायचंय."