पान्हा फुटेपर्यंत न उठणाऱ्या गायकवाडबाई

गायकवाडबाईंची नि माझी ओळख झाली ती त्यांचं बोलणं खाऊनच. नव्वदच्या दशकात मी न्हावऱ्याच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून रुजू झाले; बाई तिथे माझ्या वरिष्ठ होत्या. पहिल्याच दिवशी एक सासू सुनेचा चीक पिळून फडक्यावर टाकत होती आणि मी जवळ उभी राहून गप्प बघत होते. बाई कडाडल्या, "अगं, बघतेस काय? ते पिवळं थेंबभरच असतं, पण बाळाचं पहिलं औषध तेच!"

पुढे बारा वर्षं त्यांच्या हाताखाली होते. बाईंच्या 'शांत, मायाळू स्वभावावर' लिहा, असं त्यांच्या साठीच्या कार्यक्रमाच्या संयोजकांनी कळवलं आहे. मायाळू आहेतच, शांत मात्र कधीच नव्हत्या. एकच गोष्ट घरोघरी वर्षानुवर्षं सांगावी लागल्यावर कोण शांत राहील?

निमोण्याची संगीता चार दिवसांची बाळंतीण. डब्याची पावडर सुरू झालेली, मुलीला जुलाब. एसटी चुकली, तर बाईंनी मला भर उन्हात चालत नेलं. सासूने अंगणात खुर्ची टाकली, "हितंच बसा, आत नगं." आत नको ते आमच्या जातीमुळे, हे दोघींनाही कळलं. "खुर्ची राहू द्या, मला बाळ बघायचंय," म्हणत बाई थेट खोलीत गेल्या. मुलीला तपासून त्यांनी मला डॉक्टरांना आणायला पिटाळलं.

डॉक्टर औषध देऊन गेले, तरी सासूचं एकच पालुपद. "हिला दूधच न्हाई."

"बाळ ओढंल तेवढं दूध तयार होतं. तुम्ही बाटलीनं पोट भरताय, मग ते ओढंल कशाला?" बाईंनी संगीताच्या नवऱ्याला हाक मारली. "काय हो, गोठ्यात आरडाओरडा केला तर म्हैस पान्हवते का?"

"न्हाई. पान्हा चोरती."

"म्हशीचं कळतं! बायकोवर चार दिवस सगळे ओरडताय, ते कळंना?"

सगळ्यांना बाहेर काढून बाईंनी बाळ संगीताच्या उघड्या छातीशी ठेवलं. मुलगी तोंड फिरवून रडायची. संगीताही रडू लागली, "माझ्यातच खोट हाय." तिची पाठ चोळत बाई म्हणाल्या, "खोट न्हाई गं. भ्यालीस, म्हणून दूध उतरंना." दुपार सरली, तरी बाई उठल्या नाहीत. शेवटी मुलीने तोंड नीट मोठं उघडून धरलं, घोट ऐकू येऊ लागले. दुसऱ्या बाजूनेही आपसूक दूध ठिबकू लागलं. संगीता डोळे पुसत हसली.

आठवडाभर रोज गेलो. मुलगी सावरली, बाटली सुटली. आणि सासूने गावभर काय सांगितलं? "म्या अळिवाची खीर घातली, तवा दूध आलं!" बाई वाटभर धुमसत होत्या.

दोन वर्षांनी तीच सासू कवठे येमाईहून आपल्या बाळंतीण भाचीला घेऊन केंद्रात आली. म्हणाली, "बाई, हिच्या घरातली बाटली म्या फेकून दिली. आता तुम्ही बसा हिच्यापाशी." बाई हात धुऊन बसल्या.

आज बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. रक्तदाबाची गोळी अजून रोज विसरतात. सांगितलं, तर आमच्यावरच चिडतात. बाई, शंभरी गाठा, ठणठणीत राहा. जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलंत, आता एकदा तरी आमचं ऐका: गोळी घ्या!