अप्पांची खरखरीत दाढ

गुलबर्ग्याला दातांचं शिकत होते तेव्हा माझा शोधनिबंध होता दातात भरायच्या सिमेंटवर. भरून, घासून झाल्यावर ते किती खरखरीत राहतं, ते मोजायचं. सिमेंटच्या बारक्या चकत्या करायच्या, मशीनची सुई त्यांच्यावरून फिरवायची की आकडा येतो. पुन्हा फिरवा, तोच आकडा. मला त्या मशीनचा भारी गर्व.

त्याच सिमेंटनं मी अप्पांची उजवी दाढ भरली. "पोरीच्या हातनं दात भरून घ्यायलोय," असं ते आमच्या मंठाळला गावभर सांगून आले होते. आठवड्याभरात परत हजर.

"खरखर करायलंय गं," जीभ फिरवत म्हणाले.

मी त्यांना थेट मशीनपुढं नेलं, चकती दाखवली, आकडा दाखवला. अप्पांनी मशीन मागून-पुढून न्याहाळलं.

"मशीन लई भारी हाय. पन ते माझ्या तोंडात राहत न्हाई न्हवं."

मला आला राग. डॉक्टर कोण, मी का त्यांची जीभ? त्यांना खुर्चीत बसवलं आणि पॉलिशचं यंत्र दाढेला न लावताच तोंडात नुसतं घुर्र फिरवलं.

"आता?"

"आता कसं, लोण्यावानी."

जिंकले मी. जिभेचा काही भरवसा नसतो, हे मैत्रिणींना कितीदा तरी रंगवून सांगितलं.

मग येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, गावी गेले. शेतात भाकरी आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, अशी पंगत बसली. आई वाढता वाढता म्हणाली, "ह्यांना मऊ भाकर देते. दाढ भरल्यापासनं डावीकडनंच खायलेत."

माझा घास तोंडातच राहिला. "अप्पा, लोण्यावानी म्हणलाव की तुम्ही."

"मग काय म्हणू? यंत्र दाढेला लागंना, ते कळत होतं की मला. वाटलं, पोरीला याच्यापुढं जमत नसंल. कशाला तोंडावर बोलायचं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांना गुलबर्ग्याला घेऊन आले. बारीक सुई दाढेच्या खाचेतून फिरवली, तर एका जागी अडलीच. माझ्या चकत्या सगळ्या सपाट, त्यांना खाच कुठली असणार? या वेळी खरोखर घासलं.

"अप्पा, माझी शपथ हाय. खरं सांगा."

अप्पांनी बराच वेळ जीभ फिरवली. माझ्याकडं बघितलं, पुन्हा फिरवली.

"अजून जरासं हाय."

इतका आनंद मला कुठल्या आकड्यानं दिला नव्हता. मी पुन्हा यंत्र उचललं.