चिंचेत उजळलेला ब्रूच

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, तेही धड नाही. पण पितळेतलं मला कुणी शिकवावं अशी वेळ कधी आली नाही. पंचेचाळीस वर्षं ओतकाम केलं. समया, घंटा, देवळातल्या मूर्ती. मुशीतला रस ओतायला तयार झाला की नाही हे मी ज्वाळेच्या रंगावरून सांगायचो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते अडाणीपणानं झालं असं कुणी म्हणेल. ते अडाणीपणानं झालं नाही. जास्त कळतंय या घमेंडीत झालं.

अमेरिकेतले ते दोन टॉवर पडल्याला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी मुलाकडं डब्लिनला सहा महिन्यांसाठी आलो होतो, ओहायोतल्या. मुलगा आणि सून दोघंही सकाळी कंपनीत जात, मी दिवसभर घरात. मुलानं विमानतळावरून आणतानाच गाडीत बजावलं होतं, की बाबा, कुणाच्या अंगणात पाय टाकू नका, कुणाच्या वस्तूला हात लावू नका, पोलीस दिसला तर हात खिशात घालू नका. त्याची ग्रीन कार्डाची फाईल तेव्हा कुठल्यातरी टेबलावर अडकून होती. फोन वाजला की त्याचा चेहरा उतरायचा. ते बघून मलाही भीती लागली. भीती ही खरजेसारखी, घरात एकाला झाली की सगळ्यांना होते.

शेजारी एक गोरा म्हातारा राहायचा, माझ्याच वयाचा, बायको गेलेली. लांब दांड्याला ताटलीसारखं चाक लावलेलं एक यंत्र घेऊन तो अंगणात फिरायचा. मला वाटलं, हा गवत झाडतोय. मग सूनबाईनं सांगितलं, की ते जमिनीतला धातू हुडकायचं यंत्र आहे, आणि म्हाताऱ्याची मुलगी इंग्लंडात दिलेली आहे, तिच्याकडं गेला की शेतकऱ्याला विचारून तो नांगरलेल्या रानात हे फिरवतो.

माझा धंदा काय होता हे सूनबाईनं त्याला सांगितलं असणार. एका शनिवारी तो एक छोटी डबी घेऊन आला. आत कापसावर एक ब्रूच होता. आपल्या बायका साडीला पिन लावतात तसला, पण करंगळीएवढा लांब. वरचं टोक चौकोनी, खालचं पसरट, मधे कमान. पूर्ण कळकून हिरवा झालेला. पाठीमागं, जिथं पिन असते तिथं, तुरीच्या डाळीएवढा गंजाचा गोळा. दीड हजार वर्षांपूर्वीचा आहे, सूनबाई म्हणाली. अँग्लो-सॅक्सन म्हणून लोक होते, या इंग्रजांचे पूर्वज. त्यांच्यातल्या कुठल्या बाईनं तो खांद्यावर लावला होता आणि तसाच तिच्याबरोबर पुरला होता. कसा ओतला असेल ते मी नीट बघून सांगावं, पुढच्या शनिवारी येतो, असं म्हणून तो गेला.

डबीत घडी घातलेला एक कागदही होता. इंग्रजीत. काय लिहिलंय हे मी विचारलं नाही. मला वाचता येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी मी कधी विचारत नसे.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकाचं भांडं नुसतं बघायला म्हणून जरी आलं, तरी ते मळकं परत जात नाही. माझे वडील म्हणायचे, मळकं काम परत देणाऱ्यानं भट्टीत पाणी ओतावं. सोमवारी घर रिकामं झालं, तसा मी पायरीवर वर्तमानपत्र पसरून बसलो. पाठीमागचा गंज चाकूच्या टोकानं उडवला, वर्तमानपत्र सूनबाईच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात झटकलं. मग चिंच आणि मीठ. तासाभरात ब्रूच असा निघाला, की आजच साच्यातून काढलाय. कानशीचे ओरखडेसुद्धा दिसायला लागले. ते उलट्या अंगाला कललेले होते. करणारा डावखुरा होता. मी एकटाच हसलो.

संध्याकाळी मी कौतुकानं सूनबाईपुढं डबी उघडली. तिनं ब्रूच बघितला, कागद उघडला आणि मटकन खाली बसली. कागदावर लिहिलं होतं की पुसू नये, धुऊ नये. मागच्या गंजात त्या बाईच्या कापडाचे धागे अडकून राहिलेत. तिचं म्हणून जगात तेवढंच उरलंय.

मुलगा आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "त्यानं पोलिसात तक्रार केली तर फाईलवर काय येईल, मला माहीत नाही."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दारासमोर गाडी हळू झाली की मी पडद्याआडून बघायचो. बुधवारी दुपारी पोलिसांची गाडी खरंच आमच्या गल्लीतून गेली, नुसती गेली, तर मी न्हाणीघरात जाऊन आतून कडी घातली. माझ्या एकट्याचं काही नव्हतं. मला विमानात बसवून हाकललं असतं तर घरीच गेलो असतो. पण पोरानं दहा वर्षं घालून उभं केलेलं घर माझ्या चिंचेनं जाणार होतं.

एक गोष्ट मी मंगळवारीच सुरू केली होती. आमच्याकडं नव्या मूर्ती जुन्या म्हणून विकणारे व्यापारी यायचे. हिरव्या करून द्या म्हणायचे. मी एकालाही उंबरा ओलांडू दिला नाही. पण कसं करतात ते ठाऊक होतं. मीठ, व्हिनेगर, काच पुसायच्या बाटलीतलं ते नाकात जाणारं पाणी आणि झाकणाचा डबा. शुक्रवारपर्यंत ब्रूच पुन्हा हिरवागार.

मुलानं तो उजेडात धरून बघितला. कितीतरी दिवसांनी हसला. "वा, बाबा. फरकच कळत नाही. असाच देऊन टाका."

माझ्या समया गावोगाव गेल्या, पोरानं कधी एका शब्दानं कौतुक केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा केलं, तेही खोट्या कामाचं.

शनिवारी म्हातारा आला. त्यानं ब्रूच उचलला, मान हलवली, उलटा केला. त्याचं बोट मागच्या रिकाम्या जागेवर येऊन थांबलं. मी सूनबाईला म्हटलं, "सांग त्याला. मी घासला. हा हिरवा रंगही माझाच आहे."

तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"त्याच्याकडं काय बघतेस? सांग."

तिनं सांगितलं. म्हाताऱ्याचे कान लाल झाले. त्यानं एकच विचारलं, मागचा गंज कुठं टाकला? मी वाफा दाखवला. तो वळला आणि आपल्या घरात गेला.

"झालं," मुलगा म्हणाला. "फोन करायला गेला."

मी खिडकीशी उभा राहिलो. पाण्याचा पेला उचलायची हिंमत नव्हती, सांडला असता. दार उघडलं. म्हातारा बाहेर आला, हातात ते यंत्र. थेट आमच्या वाफ्याशी.

यंत्र कोथिंबिरीवरून गेलं, परत आलं, थांबलं. यंत्र हूं नाही की चूं नाही, गंजात धातू कुठला उरलेला. म्हातारा तिथंच गुडघ्यांवर बसला आणि बोटांनी माती चाचपायला लागला. मी आत गेलो, सूनबाईची पिठाची चाळणी घेतली आणि त्याच्या समोर बसलो. असली बारीक हुडकायची कामं मी पोरवयात भट्टीपुढं केलेली आहेत, राखेतून पितळेचे कण वेचायची. मूठ-मूठ माती चाळत गेलो. तो बघत होता. मग तोही मुठी भरून द्यायला लागला. सूनबाईची कोथिंबीर पार गेली.

उन्हं कलायला लागली तेव्हा चाळणीत तांबडे असे तीन-चार खडे राहिले. त्यानं खिशातून भिंग काढून एकेक त्याखाली धरला. पहिला टाकला, दुसरा टाकला. तिसऱ्यावर बराच वेळ वाकून राहिला. मग काहीतरी पुटपुटला.

"दोन धागे दिसतायत म्हणतो," सूनबाई म्हणाली. "एकावरून एक गेलेले."

त्यानं तो खडा फिल्मच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवला. मला माफ केलं असं तो काही म्हणाला नाही, मी विचारलंही नाही. पोलीस आले नाहीत. पण ते त्या दिवशी मला कुठं माहीत होतं? मी माती लागलेल्या हातांनी तसाच बसून होतो, गाडीच्या आवाजाकडं कान लावून.

मग त्यानं ती डबी आणि भिंग माझ्या हातात दिलं. मी डोळा लावला. त्या बाईच्या कापडाचे दोन धागे, विणीतले, स्पष्ट. माझा हात अजून थरथरत होता, त्यामुळं ते हलत होते.