दगडाचे फोटो

लिहायचं म्हटलं की माझा हात अडखळतो. पण आमच्या आंबी गावच्या मुक्ताबाईबद्दल कुणीतरी लिहून ठेवावं असं वाटतं, आणि दुसरं कुणी ते करेलसं दिसत नाही.

मुक्ताबाई माझी शेजारीण. नवरा गेल्यापासून भाताचं खाचर एकटी करते. कुणावरही विश्वास ठेवायचा नाही, हा तिचा नेम. दूधवाल्याचं माप ती स्वतःच्या तांब्यात ओतून बघते. गिरणीत दळण टाकलं की पीठ हातात पडेपर्यंत तिथून हलत नाही. एकदा तिच्या अंगणात पडलेला पाट मी उचलून ओट्यावर ठेवला, तर तिने तो उलटा करून पाहिला.

खाचराला लागून प्लॉटिंग सुरू झालं, तेव्हा तिने बहिणीच्या मुलाकडून, पवनकडून, मोबाइल मागवला. दर सुगीनंतर ती बांधावर जाऊन हद्दीच्या दगडाचा फोटो काढायची. यंदा प्लॉटवाल्यांच्या जेसीबीने तो कोपरा सपाट केला आणि दगड नाहीसा झाला. तिने सरकारी मोजणी मागवली. मोजणीदार आले त्या दिवशी पवन आणि मीही बांधावर होतो.

"जुना दगड कुठे होता, काही दाखवता येईल का?" मोजणीदारांनी विचारलं.

मुक्ताबाईने कमरेचा मोबाइल काढला. फोटोंच्या ॲपमध्ये एकही फोटो नव्हता.

तिने पवनकडे पाहिलं. आदल्या दिवशी तोच हे नवं ॲप टाकून गेला होता. शिवाय त्याचा टेम्पो प्लॉटवाल्यांची माती वाहतो, हे गावाला ठाऊक होतं.

"कुनाला इकलास रं माझा दगड?"

"मावशी, फोटोला म्या हातबी लावला न्हाई."

"मग पाय फुटलं व्हय त्यास्नी?"

पवन खाली वाकून चपलेतली माती काढू लागला. मलाही त्याचा थोडा संशय आला. मुक्ताबाईने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"आबा, तुमी बघा. पर हितंच, माझ्या म्होरं."

मला फोनमधलं फारसं कळत नाही. भीतभीत सेटिंग उघडलं. फोटोंचं फोल्डर बघायची परवानगीच ॲपला नव्हती.

"काल या ॲपनं काही विचारलं होतं का?"

"व्हय. फोटो बघू का म्हनत हुतं. म्या न्हाई दाबलं. त्यो कोन बघनार?"

मी परवानगी दिली. फोल्डरमधले सगळे फोटो ओळीने समोर आले. मोजणीदार वाकले. दगड, मग दगड, पुन्हा दगड. आजूबाजूचं गवतही दिसू नये इतक्या जवळून काढलेला.

"बाई, हा कुठला दगड हे कसं कळायचं?"

"मुद्दाम काढलं तसं. फोन कुनी चोरला तर त्याला जागा कळाया नगं."

मोजणीदारांनी चष्मा पुसला. मी आणखी खाली गेलो. तळाशी एक फोटो निराळा होता. पवन दगडावर बसून भाकरी खात होता. मागे विजेचा खांब, डावीकडे विहिरीचा कठडा. दोन्ही अजून जागेवर आहेत.

"त्यो नगं, बिघडलाय. ह्यो उठतच न्हवता."

मोजणीदारांनी नेमका तोच धरला. खांब आणि विहिरीवरून जागा काढली, नकाशा लावून पाहिला आणि चुन्याची खूण केली. खूण प्लॉटवाल्यांच्या सपाट मातीत बरीच आत पडली.

पवन मावशीकडे बघत उभा राहिला. आता ती काही बरं बोलेल अशी त्याला आशा असावी. तिने आधी मला ॲपची परवानगी परत काढायला लावली, मोबाइल कमरेला खोचला, आणि मग त्याच्याकडे वळली.

"पर तू त्या दिशी माझ्या दगडावर बसलतास कशाला?"